लिहिता येत नसंल तर?

डिसेंबर आला की कंपन्यांना ‘पॉश’चं, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं, प्रशिक्षण आठवतं. वर्षात किती कार्यशाळा घेतल्या, तो आकडा वार्षिक अहवालात भरावा लागतो ना! ते द्यायला चाकणच्या एका कारखान्यात गेले, तर हजेरीपत्रकावर कॅन्टीन आणि साफसफाईतल्या बायकांची नावंच नव्हती. “त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मॅडम.” 2013चा कायदा ठेकेदाराने लावलेल्या बाईलाही कर्मचारीच मानतो, मुख्य मालकाला तिचा पत्ता असो वा नसो. हे ऐकवल्यावर त्यांना बोलावलं, मागच्या रांगेत बसवलं.

या कायद्याच्या मुळाशी असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1997च्या विशाखा निकालावर मी फार रेंगाळत नाही. कागद कुणाकडे, कधी द्यायचा, हे महत्त्वाचं. छळाच्या शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशी 90 दिवसांत. तोवर बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ती तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. इथे एचआरवाले हमखास चुळबुळतात.

मागून एक मावशी म्हणाल्या, “लिहिता येत नसंल तर?”

“मेल टाकला तरी चालेल,” एचआरचा पोरगा म्हणाला. धन्य! लिहून घ्यायला मदत करणं हे समितीवरच बंधनकारक आहे.

“अन् सुपरवायझरच असंल तर?”

पुढच्या रांगा मागे वळल्या. अशा वेळी मी खोदून विचारत नाही. भर सभेत नाव निघालं तर संध्याकाळच्या आत त्याला खबर लागते आणि बाईचं काम जातं. उत्तर सगळ्यांना मिळून दिलं: तो ठेकेदाराचा माणूस असला तरी तक्रार इथल्याच समितीकडे. खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कामावर दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. समेट फक्त बाईने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाही.

सत्रानंतर मी मुद्दाम थांबते, कुणाला एकटीने बोलायचं असेल म्हणून. पण एचआरने सत्र पाळी सुटायच्या वेळेला चिकटवून ठेवलेलं. बस सुटली, मावशी त्यात. गेटवरचा फलक इंग्रजीत, वर समितीच्या अध्यक्षा म्हणून केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या बाईंचं नाव.

मराठी फलक, चालू नंबर आणि पाळीच्या वेळेतच या बायकांसाठी वेगळी बैठक, असं लेखी मागितलं. फलकाचा फोटो आला, बैठकीची तारीख नाही. मावशी स्वतःचं विचारत होत्या की दुसऱ्या कुणाचं, कळायला मार्ग नाही. स्वतःचं असेल तर मुदतीतले दिवस जाताहेत. म्हणून दर सोमवारी एचआरला फोन लावते.