बँकॉकला जाण्याआधीचे अकरा महिने

बेळगावात वडगाव भागात एका मागमालकाकडं मी हिशेब बघते आणि फोन घेते. सूत कधी येणार, साड्यांचा गठ्ठा कुठं अडकला, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचे पैसे कधी सुटणार, सगळं फोनवर. समोर आलेला माणूस मला 'ताई' नाहीतर 'अक्का' म्हणतो. तोच माणूस संध्याकाळी फोनवर म्हणतो, "भाऊ, जरा ताईंना द्या की." मी ट्रान्स बाई. एस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, मी २०१९ पासून घेते. कातडी बदलली, चेहरा बदलला, अंग बदललं. आवाज तेवढा राहिला. वयात येताना टेस्टोस्टेरॉननं स्वरतंतू लांब आणि जाड झाले की नंतरच्या गोळ्यांनी ते पातळ होत नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी नुसती वाट बघत होते.

आमच्या भागातलं बोलणं माहीत नसेल तर पुढचं नीट कळणार नाही, म्हणून सांगते. सीमाभागातल्या खेड्यांत बायकाही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. कन्नडमध्ये तर 'नानु बंदे' बाईही म्हणते आणि पुरुषही. म्हणजे मी बाई आहे हे माझ्या क्रियापदातनं कुणाला कळायचा प्रश्नच नाही, जे काय कळायचं ते आवाजातनं. पुण्याला तीन वर्षं नोकरीला होते तेव्हा मी 'आले', 'गेले' म्हणायला शिकले, आणि फोनवर त्या आवाजात 'मी आले होते' म्हटलं की पलीकडं एक क्षण शांतता पडायची. त्या शांततेची मला इतकी धास्ती बसली की मी वाक्यं क्रियापदाशिवाय बोलायला लागले. "माल तयार. उद्या गाडी. बिल व्हॉट्सॲपवर."

घरी आईनं तिच्यापुरता मार्ग काढला होता. मी सगळं सांगितल्यापासून ती मला 'लेकरू' म्हणते. "लेकरू जेवलं काय?" "लेकरू दमलंय." नपुंसकलिंगात ती कुठं अडकत नाही.

आमच्या मावशीचं म्हणणं वेगळं होतं. सौंदत्तीच्या डोंगरावर जा, यल्लम्मा आईनं धरलंय तुला, पदरात घेईल. यल्लम्माचे जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे, मी लहानपणापासून बघत आले आहे. लुगडं, कपाळभर भंडारा, हातात चौंडकं, आणि गळा असा भरदार की अख्खं पटांगण गप्प होतं. त्या आवाजाला कुणी नाव ठेवत नाही. जोगती परंपरेतल्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी ढसाढसा रडले होते. पण माझं तसं बोलावणं नव्हतं. मला देवीच्या नावानं नाही, सुताच्या बिलाच्या नावानं बोलायचं होतं, आणि त्या बोलण्यात मला माझा हा आवाज नको होता. मावशीला हे समजावता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

जुलै २०२४ मध्ये मी आवाजाची शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं आणि कामाला लागले.

पहिल्यांदा शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय ते समजून घेतलं. मुख्य दोन पद्धती. जुन्या पद्धतीत मानेवर छेद देऊन स्वरयंत्राच्या दोन कूर्चा एकमेकींजवळ ओढून बांधतात, म्हणजे स्वरतंतू कायमचे ताणलेले राहतात. जपानच्या इशिकी यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या कामातली ही पद्धत. दुसरी वेंडलर यांच्या नावानं ओळखली जाते, ग्लॉटोप्लास्टी. ती तोंडातून, दुर्बिणीनं करतात, मानेवर व्रण नाही. दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या भागावरचं नाजूक आवरण काढून तो भाग एकमेकांना शिवून टाकतात. तो जुळून आला की थरथरणारी लांबी कमी होते. मिरजेच्या तंबोऱ्याची तार बोटानं दाबून आखूड केली की सूर चढतो, तसंच. मी दुसरी निवडली. भारतातही ही करणारे डॉक्टर आहेत, दोघांशी मी बोलले. बँकॉक निवडलं ते तिथल्या सर्जननी माझ्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिलं म्हणून, आणि उत्तरांत 'हे होणार नाही' असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलं म्हणून.

काय होणार नाही, ते फार महत्त्वाचं आहे. शस्त्रक्रियेनं फक्त पट्टी वर जाते. घसा, तोंड, छाती यांत आवाज घुमतो तो तसाच घुमतो. बोलण्याची ढब तशीच राहते. खालचे सूर कायमचे जातात. काही महिने आवाज घोगरा राहतो, पूर्ण बसायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. आणि जोर कमी होतो. ओरडता येत नाही.

या शेवटच्या गोष्टीनं मला महिनाभर झोप लागली नाही. ज्यांनी पॉवरलूमची शेड बघितली आहे त्यांना कळेल. वीस माग एकदम खटखटत असतात, शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. मी दारात उभी राहून शेवटच्या मागावरच्या माणसाला हाक मारायची आणि त्याला ऐकू जायची. मालकांना माझ्या आवाजाचं कौतुक होतं ते एवढ्याच कारणासाठी. तो जोर मी सोडणार होते, पैसे भरून. ऑफिसची खोली शेडपासून वेगळी करून द्या असं मालकांना सांगायला मला तीन आठवडे लागले. त्यांनी एक काचेचं दार बसवलं आणि शेडमध्ये हाक मारायला घंटी लावली. सुताची धूळ घशात जाते, खोकला येतो, म्हणून तेव्हापासून शेडमध्ये जाताना मास्क.

स्पीच थेरपिस्ट पुण्याच्या, आठवड्याला एकदा व्हिडिओ कॉलवर. पहिल्या दिवशी त्यांनी माझा साधा बोलण्याचा सूर मोजला: ११८ हर्ट्झ. पुरुषांचा साधारण शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, बायकांचा दोनशेच्या. पाण्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' काढायचा, ओठ थरथरवायचे, आवाज छातीतनं काढून दातांमागं आणायचा. पाच महिन्यांत मी १६५ पर्यंत पोचले, पण तासाभरानंतर गळा दुखून परत खाली. थेरपिस्ट बाई स्पष्ट म्हणाल्या, काही जणींना एवढ्यावरच भागतं, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. मी दिवसाला साठ फोन घेते, मला नाही भागलं. तरी सांगते, हे पाच महिने वगळून कुणी थेट टेबलावर जाऊ नका. शस्त्रक्रियेनंतर ज्या व्यायामांवर सगळं उभं राहतं ते आधीच अंगवळणी पडलेले असावे लागतात.

बेळगावातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी केली. स्वरतंतूंच्या मागच्या बाजूला सूज होती. पोटातलं आम्ल रात्री वर येतं आणि छातीत न जळताही घसा भाजतं, हे मला तिथं कळलं. आम्लानं शिवण जुळायला अडचण येते, म्हणून तीन महिने गोळी, रात्रीचं जेवण साडेसातला, उशाला वीट घालून पलंग उंच, आणि खर्डा बंद. आईनं खर्ड्याशिवाय भाकरी वाढायला फार त्रास करून घेतला.

कागदांचं काम वाटलं त्यापेक्षा लांबलं, आणि दोष बराचसा माझाच. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली कलम ६ चं ओळखपत्र राष्ट्रीय पोर्टलवरून माझ्याकडं आलेलं होतं. २०२२ मध्ये झालेल्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर कलम ७ खाली 'स्त्री' अशी नोंद असलेला सुधारित दाखलाही घेतला होता. आधार त्यावरून बदललं. पण शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, पॅन कार्डावर दुसरं. कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं आडनाव आणि मराठीतून इंग्रजीत गेलेलं आडनाव एकसारखं होत नाही. त्यात जन्मदाखल्यावर गावाचं जुनं इंग्रजी नाव, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी सगळी नावं एका ओळीत लिहून बघा, मी हे केलं नाही म्हणून हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मला दोन खेपा पडल्या. प्रतिज्ञापत्र केलं, मग सुटलं.

मग पोलीस पडताळणीचा फोन आला. मी उचलला, "हॅलो" म्हटलं. पलीकडून, "अवरिगे फोन कोडि," त्यांना फोन द्या. मी म्हटलं, "नाने री." मीच हो. तो परत, जरा चढ्या आवाजात, "बाईंना द्या." अर्जावर स्त्री, फोनवर हा आवाज, त्याला वाटलं नवरा आडवा येतोय. शेवटी मी म्हटलं, मी समोरच येते. गेले, दाखला दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, खुर्ची दिली, चहा विचारला, आणि काम दहा मिनिटांत झालं. घरी येताना मात्र रिक्षात मला हुंदका आवरला नाही. खुर्ची मिळाली होती, तरी.

बँकेत तेच. परदेशी पैसे पाठवण्याआधी खात्री करून घ्यायचा फोन आला, आवाज खातेदाराचा वाटत नाही म्हणून व्यवहार थांबवला. ज्यांचं असं होतं त्यांनी फोनची वाट न बघता शाखेत जाऊन मॅनेजरांसमोर ए-टू फॉर्म भरावा. त्यात कारण 'उपचारासाठी प्रवास' असंच लिहावं आणि रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद जोडावा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाही, माझं सगळं त्याच्या आतच होतं. शस्त्रक्रिया, माझं आणि सोबतच्या मैत्रिणीचं विमान, बारा दिवस राहणं मिळून पावणेचार लाख. दीड लाख भिशीचे, बाकी सात वर्षांची बचत.

थायलंडला भारतीयांना तेव्हा साठ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता, त्यामुळं ती एक दगदग वाचली. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं, ते मे २०२५ पासून सुरू झालं होतं. हार्मोनच्या गोळ्यांचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र इंग्रजीत घेतलं. गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे भूल देणारे डॉक्टर आणि आपले डॉक्टर मिळून ठरवतात, रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो म्हणून. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

सगळ्यात अवघड तयारी मौनाची होती. शस्त्रक्रियेनंतर सात दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजताना स्वरतंतूंवर ताण येतो. खाकरणं नाही, जड उचलणं नाही. मी मे महिन्यात घरी दोन दिवस सराव केला. पहिल्याच सकाळी मांजर दुधाच्या पातेल्याकडं गेलं आणि माझ्या तोंडून "हाड" निघालं. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू आली, मी नुसतीच हसले. आई आतून म्हणाली, "मौन धरलंय लेकरानं." काकूनं हात जोडले. मग ती आईशी पाऊण तास बोलत बसली आणि जाताना माझ्या डोक्यावरनं हात फिरवून गेली. याआधी ती कधी माझ्याजवळ आली नव्हती.

आईला वाचता येत नाही. सात दिवस मी बोलणार नाही, मेसेज तिला उपयोगाचे नाहीत, आणि मैत्रिणीच्या तोंडून कळलेलं तिला पटणार नाही. तिनंच तोडगा काढला. खडेबाजारातून काचेच्या बांगड्या आणल्या, माझ्या हातात भरल्या आणि म्हणाली, मी फोनवर विचारीन, तू वाजव. एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे दुखतंय. तीनदा वाजवलंस तर मी काय करू ते मला ठाऊक नाही, तवा तीनदा वाजवू नको.

जूनमध्ये पाऊस लागलेला होता. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून विमान. सोबत निपाणीची मैत्रीण, ती तंबाखूच्या वखारीत कामाला आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होती. माझ्या पर्सला लॅमिनेट केलेली चार कार्डं होती: बोलू शकत नाही, पाणी हवं, दुखतंय, आणि चौथं आयुष्यभर जवळ ठेवायचं, की माझ्या स्वरयंत्राची पुढची बाजू शिवून अरुंद केली आहे, पुन्हा कधी भूल द्यावी लागली तर श्वासाची नळी लहान घाला. हे चौथं कार्ड प्रत्येकीनं करून घ्यावं. मोठी नळी घातली तर शिवण फाटू शकते.

टेबलावर जाण्याआधी नर्सनं बांगड्या उतरवायला सांगितल्या. काचेच्या, न फोडता उतरेनात. साबण लावून तिनं एकेक काढली, रुमालात बांधून मैत्रिणीकडं दिली.

संध्याकाळी सात वाजता, आपल्याकडं साडेपाच, मैत्रिणीनं बांगड्या परत माझ्या हातात भरल्या आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला. घसा सुजलेला, तोंडाला रक्ताची चव. आई पाऊस सांगत होती, शेजारच्या काकूचं सांगत होती, मागमालक विचारून गेले ते सांगत होती. मग थांबली.

"लेकरू जेवलं काय?"

पातळ पेज प्यायले होते. मी हात उचलला आणि एकदा वाजवल्या.