कागदाची भिंत रंगवायची तर

जळगाव-धुळ्याकडे घर रंगवायचं म्हणजे आधी भिंत खरवडायची, पाणी मारायचं, मग पुट्टी ओढायची. विटांची भिंत आणि सिमेंटचा गिलावा हे सगळं निमूट सोसतात. अमेरिकेतल्या घरात तोच हात चालवला की भिंतीची सालं निघू लागतात. इथली आतली भिंत म्हणजे ड्रायवॉल: मध्ये जिप्सम, दोन्ही अंगांना जाड कागद, जाडी बहुधा अर्धा इंच. ४ बाय ८ फुटांचे बोर्ड लाकडी दांड्यांवर स्क्रूने किंवा खिळ्यांनी बसवलेले असतात आणि दांडे सहसा दर १६ इंचांवर. आपल्याकडे दुकानांत जिप्समचं फॉल्स सीलिंग दिसतं ना, तोच माल इथे भिंत म्हणून उभा. तेव्हा जपायचा तो कागद.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर घासकाम सुरू करण्यापूर्वी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. त्या काळातल्या सांध्यांच्या लेपात ॲस्बेस्टॉसही असू शकतो. ही धूळ छातीत जायला नको.

खिळ्याची डोकी वर आलेली दिसली की हातोडी उचलायचा मोह होतो. लाकूड वाळून आकसल्यामुळे ती वर येतात, म्हणून नुसती ठोकली तर पुन्हा येणारच. खिळ्याच्या दीड-दोन इंच वर आणि तेवढंच खाली, दांड्यातच, सव्वा इंची स्क्रू मारा. डोकं किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. मग जुना खिळा काढून खड्डा भरा.

दोन बोर्डांच्या सांध्यावर कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा लेप, लागतं. कंपाउंड श्रीखंडाइतकं घट्ट हवं, टेप बसवण्यापुरतं जरा सैल चालतं. पहिला हात ६ इंची पत्र्याने, दुसरा १० इंची, तिसरा १२ इंची, म्हणजे कडा लांबवर विरत जातात आणि उंचवटा डोळ्याला जाणवत नाही. टेपखाली माल कमी पडला तर तिथे हवेचे फुगे धरतात. मेच्या जळगावात हा लेप दुपारपर्यंत खडखडीत झाला असता. इथल्या थंड खोलीत मात्र प्रत्येक हाताला २४ तास धरून चाला. ओल्यावर दुसरा हात चढवला की आकसून भेगा पडतात.

घासायला १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. दिवा भिंतीलगत आडवा धरला की सगळे चढउतार दिसतात. कागदाला लव सुटू लागली की थांबा. चुकून कागद फाटून तपकिरी थर उघडा पडला, तर त्यावर थेट लेप लावू नका. पाणी पिऊन तो फुगतो. सुटलेल्या कडा ब्लेडने कापा, शेलॅकचा (लाखेचा) किंवा तेलाचा प्रायमर लावून वाळू द्या आणि मगच भरा. धूळ घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपा, बादलीभर पाण्याने नव्हे.

नव्या ड्रायवॉलला पीव्हीए प्रायमर, म्हणजे रंगाआधी शोषण सारखं करणारा पांढऱ्या गोंदाच्या जातीचा हात, हवाच. कागद आणि कंपाउंड रंग सारखा शोषत नाहीत, त्यामुळे प्रायमर चुकवला की सांध्यांचे पट्टे उन्हात चमकतात, वर कितीही हात मारा. ‘रंग आणि प्रायमर एकाच डब्यात’ ही जाहिरात आधी रंगवलेल्या भिंतीपुरती ठीक.

१२ बाय १४ च्या, ८ फूट उंच खोलीच्या भिंती ४१६ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३७०. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो. दोन हातांना दोन गॅलन.

कडा अडीच इंची तिरक्या ब्रशने आणि लगेच त्याच भिंतीवर ९ इंची रोलर, त्याच्या कापडाची लव ३/८ इंच. कडेची ओल टिकेपर्यंतच पुढचा पट्टा जोडायचा. अर्धवट वाळलेल्या रंगावर रोलर परत फिरवला की तो ओरखडतो आणि ती खूण जात नाही. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. खोलीचं तापमान १० अंशांच्या खाली असेल तर साधा रंग नीट धरत नाही.

हाताला कोरडा लागला तरी रंग पक्का व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर भिंत पुसायला घेऊ नका, दिवाळी तोंडावर आली असली तरी.