पावाची रांग ते पदत्याग: पेत्रोग्रादचे आठ दिवस

लेनिनने झारला उलथवलं, असं आपल्याकडे पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं तर झार निकोलस दुसरा पायउतार झाला तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये होता. १९१७ च्या जानेवारीत तिथल्या तरुण कामगारांपुढे बोलताना तो म्हणाला होता की, येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा जुन्या पिढीला कदाचित पाहायलाही मिळणार नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ३०४ वर्षांची रोमानोव्ह सत्ता संपली. ती संपवली राजधानी पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) रांगांनी, गिरण्यांनी आणि मुख्यतः तिथल्या बराकींनी.

‘लोक चिडले आणि राजा गेला’ एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही, कारण लोक १९०५ मध्येही तितकेच चिडले होते. त्या वर्षी ९ जानेवारीला फादर गापोनच्या मागे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर गोळ्या चालल्या. ऑक्टोबरमध्ये रेल्वेसकट सगळा देश संपावर गेला. झारने ड्यूमा, म्हणजे निवडून आलेली सभा, देण्याचं कबूल केलं. मग डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या कामगारांनी रस्त्यांत अडथळे उभारले, तेव्हा राजधानीतून सेम्योनोव्हस्की रेजिमेंट आली आणि तिने तोफा लावून ते बंड मोडलं. पोतेमकिन युद्धनौकेसारखे उठाव झाले खरे, पण एकूण सैन्य हुकमात राहिलं आणि राज्य तरलं. म्हणून १९१७ चा अभ्यास करताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की या वेळी सैन्य का फुटलं? (पुढच्या तारखा जुन्या रशियन कॅलेंडरच्या आहेत. आपल्या तारखेसाठी १३ दिवस मिळवायचे.)

राजधानीत तेव्हा साधारण १ लाख ६० हजार सैनिक होते, तेही सुमारे २० हजारांसाठी बांधलेल्या बराकींत कोंबलेले. रेजिमेंटांची नावं जुन्या शाही गार्डांची होती, पण ते जुने गार्ड महायुद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत आघाडीवर कापले गेले होते. आता बराकींत होत्या राखीव पलटणी: नुकते भरती झालेले शेतकऱ्यांचे पोरगे, चाळिशीकडे झुकलेले बालबच्चेवाले आणि जखमा भरल्या की पुन्हा खंदकात जाणारे. त्यांना हाताळायला अनुभवी अधिकारी फार थोडे होते. चोवीसेक लाखांच्या आत-बाहेर वस्ती असलेल्या या शहरात पोलीस होते अवघे साडेतीन हजार, त्यामुळे सरकारची सगळी मदार या सैनिकांवरच होती.

पावाचं पाहू. शहरात पीठ अजिबात नव्हतं, असं नाही. साठा काही दिवस पुरेल इतका होता. पण त्या हिवाळ्यात थंडीने शेकडो इंजिनांचे बॉयलर फुटले, मालगाड्या जागोजागी अडकल्या आणि बेकऱ्यांना भट्टीसाठी जळण मिळेना. त्यात १ मार्चपासून रेशनिंग येणार ही बातमी पसरली आणि जो तो मिळेल तेवढा पाव घरात भरू लागला. लष्करी प्रमुख जनरल खबालोव्हने भिंतींवर जाहीर केलं की शहरात पीठ पुरेसं आहे. पहाटेपासून बर्फात उभं राहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या बाईने हे वाचलं की तिला एकच अर्थ लागायचा: पीठ आहे आणि कुणीतरी ते दाबून ठेवलंय. टंचाईचा राग इथेच सरकारवर वळला.

२२ फेब्रुवारीला पुतिलोव्ह कारखान्याने टाळेबंदी केली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच दिवशी झार राजधानी सोडून मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, आंतरराष्ट्रीय महिला दिन होता. संप करू नका, असं व्हिबोर्ग भागातल्या बोल्शेविक (लेनिनच्या पक्षाच्या) कार्यकर्त्यांनीच बायकांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. कापडगिरण्यांमधल्या बायका बाहेर पडल्या, शेजारच्या धातूकारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारत पुरुषांना ‘बाहेर या’ म्हणून ओरडल्या. त्या दिवशी ९० हजारांच्या आसपास लोक संपावर होते, दुसऱ्या दिवशी दोन लाखांच्या घरात. पोलिसांनी लितेयनी पूल अडवला, तर लोक गोठलेल्या नेव्हा नदीवरून चालत नेव्हस्की रस्त्यावर पोचले.

सरकारची योजना तीन पायऱ्यांची होती. आधी पोलीस, मग चाबूकवाले घोडेस्वार कझाक (कोसॅक), आणि शेवटी पायदळाच्या गोळ्या. पहिली पायरी संख्येअभावी तुटली. दुसरी पायरी त्याहून विचित्र रीतीने निकामी झाली. कझाकांकडे त्यांचे नेहमीचे चाबूकच नव्हते, आणि गर्दीत घोडे घालताना ते लोकांना तुडवत नव्हते, वाट काढत निघून जात होते. २५ तारखेला झ्नामेन्स्काया चौकात तर क्रिलोव्ह नावाचा पोलीस अधिकारीच मारला गेला, आणि तो कझाकाच्या हातून मेला ही बातमी शहरभर झाली. शिपाई आपल्या बाजूचा असू शकतो, हे गर्दीला इथे कळलं.

त्याच रात्री झारची तार आली: राजधानीतली बेबंदशाही उद्याच्या उद्या थांबवा. माझ्या मते राजवटीची सर्वांत मोठी चूक हीच. तोवर सैनिकाला नुसतं उभं राहता येत होतं, मान फिरवता येत होती. तारेनंतर त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या, मारायचं किंवा हुकूम मोडायचा. २६ तारखेला, रविवारी, गोळीबार झाला. झ्नामेन्स्काया चौकात व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने लोकांना टिपलं. वरवर पाहता सरकार जिंकलं, रस्ते रिकामे झाले.

रात्री त्याच तुकडीच्या बराकीत सार्जंट तिमोफेय किरपिच्निकोव्हने सहकाऱ्यांना सांगितलं की उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी कॅप्टन लाश्केविच आला, तुकडीने हुकूम धुडकावला आणि तो परत फिरताना आवारातच गोळी लागून पडला. आता मागे फिरणं म्हणजे कोर्ट मार्शल आणि मृत्यू. थोडे राहिलो तर मेलो, सगळे आले तर वाचलो, हा हिशेब प्रत्येकाला कळत होता. म्हणून ते धावत शेजारच्या प्रेओब्राझेन्स्की आणि लितोव्हस्की बराकींकडे गेले. बंड इतक्या वेगाने पसरलं त्यात धैर्य होतं, तशी ही भीतीही होती. सकाळी फुटलेले सैनिक दहा हजारांच्या आसपास होते, रात्रीपर्यंत ६६ हजारांच्या वर गेले. शस्त्रागार फुटलं, क्रेस्ती तुरुंगाची दारं उघडली, जिल्हा न्यायालय पेटलं.

त्या रात्रीचा एक तपशील वाचला की राजवट किती पोखरली होती ते दिसतं. खबालोव्हला लष्करी कायदा जाहीर करायचा होता. नौदलाच्या इमारतीत पत्रकं छापली गेली, पण ती चिकटवायला ना खळ मिळाली ना ब्रश. शेवटी काही कागद अलेक्झांडर बागेच्या कुंपणाला अडकवले गेले आणि वाऱ्याने बर्फावर पसरले.

तावरीचेस्की राजवाड्यात एकाच छपराखाली दोन सत्ता उभ्या राहिल्या, एका बाजूला ड्यूमाची हंगामी समिती, दुसरीकडे कामगार आणि सैनिकांची सोव्हिएत, म्हणजे प्रतिनिधींची परिषद. सोव्हिएतने १ मार्चला आदेश क्रमांक १ काढला. तुकड्यांत सैनिकांच्या निवडलेल्या समित्या असतील आणि शस्त्रं त्यांच्या ताब्यात राहतील, हे त्यातलं ठळक. पण अधिकाऱ्याने सैनिकाला ‘तू’ म्हणायचं नाही, हेही त्यात लिहिलं होतं. ‘अरे’ आणि ‘अहो’मधलं अंतर आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. खेड्यातून आलेल्या त्या सैनिकाला ही ओळ काय वाटली असेल, याची कल्पना मराठी माणूस सहज करू शकतो.

झार गाडीने राजधानीकडे निघाला होता. पण ड्यूमाचा सदस्य बुब्लिकोव्ह याने वाहतूक मंत्रालय ताब्यात घेऊन रेल्वेच्या तारायंत्रावरून स्टेशनास्टेशनाला क्रांतीची खबर दिली होती. पुढची स्टेशनं बंडखोरांकडे आहेत हे कळल्यावर माळाया विशेराहून गाडी वळवावी लागली आणि झार प्स्कोवला जनरल रुझस्कीच्या मुख्यालयात अडकला. २ मार्चला झारच्या मुख्यालयातल्या चीफ ऑफ स्टाफ जनरल अलेक्सेयेवने आघाडीवरच्या सेनापतींची मतं मागवली. झारच्या वडिलांचा चुलतभाऊ निकोलाय निकोलायेविच धरून सगळ्यांनी पदत्याग सुचवला, कारण लढाई चालू ठेवायची तर राजधानीशी भांडण परवडणारं नव्हतं. निकोलसने आधी मुलासाठी गादी सोडायचं ठरवलं. पोराचा रक्तस्रावाचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर त्याने भाऊ मिखाईलच्या नावे सही केली.

दुसऱ्या दिवशी मिलिओन्नाया रस्त्यावरच्या एका घरात मिखाईलने मुकुट नाकारला. तो कागद लिहायला दोन कायदेपंडितांना जी जागा मिळाली, ते घरातल्या मुलीचं शाळेचं डेस्क होतं.