गैरहजर

तुरुंगातून विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जाणाऱ्या यादीत एक रकाना असतो: 'जामीन मंजूर, पूर्तता नाही'. माझं काम त्या रकान्यापासून सुरू होतं. कोर्टाने सोडायला सांगितलेलं असतं, तरी माणूस आतच असतो, कारण त्याच्यासाठी जामीनदार उभा राहिलेला नसतो. देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी. त्यातल्या किती जणांच्या हातात जामिनाचा आदेश असूनही ते गजाआड होते, हा प्रश्न मला या आकड्यांपेक्षा जास्त छळतो.

त्या रकान्यातला एक पोरगा बावीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातला, शहरात सेंट्रिंगच्या कामावर होता. साइटवरची तांब्याची वायर चोरल्याचा आरोप, सोबत आणखी दोघं. आयुष्यातला पहिलाच गुन्हा. अटकेनंतर महिनाभराच्या आत जामीन झाला: 15 हजारांचा जातमुचलका, म्हणजे तारखांना येईन असं त्याचं स्वतःचं लेखी हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. त्याचं नाव माझ्या हातात आलं तेव्हा त्या आदेशाला अडीच महिने उलटून गेले होते.

गावाकडून जामीनदार यायची सोय नव्हती. घरात जमीन नाही. आई-वडील ऊसतोडीला, कोयत्यावर, कोल्हापूरकडे गेलेले, मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडातून निघणं अशक्य. घराला कुलूप. ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते दुसऱ्याच्या पोरासाठी तीन-चारशे किलोमीटर येऊन कोर्टात उभे राहत नाहीत. आणि आले असते तरी 'जामीनदार स्थानिक पाहिजे' हे वाक्य कोर्टाच्या आवारात अजून ऐकू येतंच. 1978 साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच गोष्टीवर कोरडे ओढले होते. तिथे दंडाधिकाऱ्यांनी 10 हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं होतं. इतक्या वर्षांनी मी तेच ऐकते आणि मला संताप येतो. उलट ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कोर्टाबाहेर भाड्याचा जामीनदार मिळतो. तो आरोपीला ओळखतसुद्धा नाही. त्याच्या रेशनकार्डावर व्यवस्था विश्वास ठेवते.

31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सूचना दिल्या. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी परिविक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा सरकारी अधिकारी) किंवा विधी स्वयंसेवकाकडून त्या माणसाच्या परिस्थितीचा अहवाल करून घ्यायचा आणि अट शिथिल करण्याची विनंती कोर्टापुढे ठेवायची. कागदावर हे उत्तम आहे. पण अहवाल चालून करावा लागतो, आणि चालणारी माणसं नेमलेली नाहीत. परिविक्षा कायदा 1958 चा आहे. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा ठरवताना सरकार त्याखाली चौकशीला अधिकारी पाठवतं. जो अजून कायद्याने निर्दोष आहे त्याच्या दारात मात्र कुणी जात नाही. हे उलटं आहे असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

अहवाल कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नाही, आणि या बाबतीत मला माझ्या कामाचा अभिमान आहे. मुलाखतीत मिळतात जेमतेम दहा मिनिटं. नवे कार्यकर्ते पत्ता विचारतात. मजुराला पत्ता नसतो, साइट संपली की शेड उठते. मी विचारते, उसने पैसे कुणाकडून घेतोस? आजारी पडलास तर डबा कोण देतं? रूमची किल्ली कुणाकडे ठेवतोस? या पोराने पहिल्याच प्रश्नाला खाणावळीचं नाव सांगितलं. मी तिथे गेले तेव्हा खाणावळीच्या मावशी पोळ्या लाटत होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी फळीवरून उधारीची वही काढली. त्यात त्याचं पान होतं. दीड वर्ष, दर महिन्याची बाकी, दर महिन्याला भागवलेली, एका पावसाळ्यात काम बंद होतं तेव्हा दोन महिने थकलेली आणि नंतर तीन हप्त्यांत फेडलेली. मावशींचा अंगठा आणि माझी सही घेऊन त्या पानाचा फोटो मी अहवालाला जोडला. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं होतं की आरोपी पळून जाईल का हे ठरवताना तो किती काळ तिथे राहतो, काम काय करतो, त्याचं कुणाशी काय नातं आहे, त्याच्याबद्दल कोण खात्री देतं, हे पाहावं. उधारीच्या त्या पानात हे सगळं होतं. जामीनदाराची मालमत्ता सांगणाऱ्या ऐपतीच्या दाखल्यात यातलं काहीच नसतं.

दंडाधिकारी मॅडमनी अहवाल शांतपणे वाचला. वहीचं पान दोनदा पाहिलं. मला उभं करून विचारलं, "तारखांना येईल याची काळजी कोण घेणार?" मी म्हटलं, जामीनदार मी होऊ शकत नाही, पण आदल्या संध्याकाळी आणि सकाळी फोन करीन. त्यांनी नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा आदेश केला. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून आदेश तुरुंगातून परत आला आणि पोरगा आणखी दोन रात्री आत राहिला. मग सुटला.

त्यानंतर तो प्रत्येक तारखेला आला. एकदा दंडाधिकारी रजेवर, एकदा तपासी अंमलदार नाहीत, एकदा नुसती हजेरी. दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून आला.

आणि मग तो दिवस. मी दुसऱ्या कोर्टात दुसऱ्याच अर्जासाठी होते. लोक अभिरक्षक कार्यालयातल्या (हे प्राधिकरणाचं आरोपींना मोफत वकील देणारं कार्यालय) वकील मॅडमचा फोन आला: तुमच्या त्या मुलावर अजामीनपात्र वॉरंट निघालंय, आला नाही. मी त्याला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. "मी तं साडेधापासून हितंच बसलोय ताई. कुणी नावच पुकारलं न्हाई."

तो दुसऱ्या मजल्यावर जुन्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसला होता. त्याची केस इतर गठ्ठ्यासोबत चौथ्या मजल्यावरच्या नव्या कोर्टाकडे वर्ग झाली होती. वर्ग झालेल्या केसेसची यादी तळमजल्यावरच्या फलकावर इंग्रजीत, केस नंबरांसह लावलेली. त्याने पट्टेवाल्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "बस, पुकारा होईल." त्या पट्टेवाल्याला बोर्डावर नजर टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. वर चौथ्या मजल्यावर नावाचा पुकारा झाला, कुणी आलं नाही, आणि तिथल्या दंडाधिकारी साहेबांनी थेट अजामीनपात्र वॉरंट काढलं. नवं कोर्ट, त्याच दिवशी आलेला गठ्ठा, तर खाली एकदा माणूस पाठवून बघायला हवं होतं. त्या दिवशी बोर्डावर केसेस खूप होत्या हे मला मान्य आहे. तरीही.

दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही वर उभे राहिलो. वकील मॅडमनी 2007 च्या इंदर मोहन गोस्वामी निकालाचा आधार घेतला: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि अजामीनपात्र अगदी शेवटी. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. साहेबांनी पोराला विचारलं, कुठे होतास?

"साहेब, दुसऱ्या मजल्यावर. दर टायमाला तिथंच बसवत्यात."

वॉरंट रद्द झालं, 200 रुपये खर्च लावून. ते पैसे त्याने खिशातून सुट्टे मोजून दिले. मात्र आदेशाच्या शेवटी आणखी एक ओळ आली: आरोपीने मुचलक्याची अट मोडल्याने 30 दिवसांत 15 हजारांचा ऐपतदार जामीनदार द्यावा.

तेव्हापासून मी या एका ओळीभोवती फिरते आहे. वहीचं पान, दीड वर्षाची फेडलेली उधारी, न चुकवलेल्या सगळ्या तारखा, हे सगळं एका दुपारी पुसलं गेलं आणि आम्ही पुन्हा ऐपतदार माणसाच्या शोधात आलो. गरीब बंद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे, न्यायाधीन बंद्याला पैशाची मदत मिळते, पण ती तुरुंगात अडकलेल्यासाठी. हा आज बाहेर आहे. मदत मिळायला त्याने आधी आत जायला हवं.

बहुतेक लोक तारीख चुकवतात ते पळून जायचं म्हणून नव्हे. त्यांना कुठल्या मजल्यावर जायचं हे कुणी सांगत नाही. सांगणारी माणसं प्रत्येक कोर्टात पगारावर नेमायला हवीत. ती माझ्यासारख्या एखादीच्या मोबाइलवर अवलंबून राहता कामा नये. केस वर्ग झाली की लोक अभिरक्षकांना आणि आरोपीच्या नंबरवर मराठीत संदेश जायला हवा. यात खर्चाचं काही नाही. मी तसं लेखी दिलं आहे.

आम्ही दोन अर्ज केले. एक, जामीनदाराची अट काढण्यासाठी. त्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं आहे. दुसरा, रोजनाम्यातली (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतली) 'आरोपी गैरहजर' ही नोंद दुरुस्त करण्यासाठी, कारण उद्या कुठलंही कोर्ट त्याचा विश्वास मोजायला बसेल तेव्हा आधी तीच ओळ वाचेल. कार्यालयातून तोंडी उत्तर आलं की नोंद बरोबर आहे, त्या कोर्टात तो हजर नव्हता. लेखी आदेश अजून व्हायचा आहे. तीस दिवसांतले अकरा गेले.