पांढरी चारचा वाद

दांडिया बाजारातल्या ज्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) दुकानात मी काम करतो, तिथे परवा बाप-लेकात एका पट्टीवरून चांगलीच जुंपली. पट्टी पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी. पेटी स्केलचेंजर, म्हणजे सा बदलता येणारी; खर्ज-नर, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या दोन ओळींची; सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी पत्त्या, गुजरातमधल्या पालिताण्याचे; पेटी एका गायनाच्या बाईंची.

काकांनी, म्हणजे बापाने, सवयीने काळी एकचा सा धरून कानाने गांधार लावला. त्या साचा गांधार म्हणजे पांढरी चार. ट्यूनरवर, म्हणजे कंपनं मोजणाऱ्या यंत्रावर, ती सेकंदाला ३४९.२ कंपनांना बसते. साशी शुद्ध जुळवायची तर ३४६.५ पर्यंत उतरवावी लागते. न उतरवता सा-ग एकत्र दाबले की सेकंदाला अकरा हेलकावे येतात. उतरवल्यावर ते विरतात, पेटी गळ्यात मिसळते. ख्यालाच्या साथीला हेच हवं, आणि काकांचा कान त्यात पक्का आहे.

पण स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांची चौकटच सुरांवरून सरकते. बाईंनी मुलींसाठी सा काळी पाचवर नेला आणि तोच उतरवलेला सूर पंचम झाला. सा-प सेकंदाला सहादा डगमगू लागला. पेटी परत आली.

"बाबा, स्केलचेंजर ट्यूनरवरच लावायची, हे मी आधीच सांगितलं होतं."

"मी बसतोय तोवर या दुकानात कानानेच लागेल."

स्केलचेंजरपुरतं मुलाचं बरोबर आहे. सा फिरणार असेल तर बाराही सूर समान अंतरावरच हवेत. ठरलेल्या साच्या पेटीत मात्र काकांचंच खरं.

दुरुस्ती काकांनीच केली: उतरवलेला सूर परत ट्यूनरच्या आकड्यावर चढवायचा. पितळ काढता येतं, परत घालता येत नाही. पत्ती मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. काकांनी पत्तीखाली पोलादाचा पातळ पत्रा सरकवला, टोकाला दोन हलके ओरखडे दिले आणि थांबले. घासताना पितळ तापतं, तापलेला सूर खाली बोलतो. तेव्हाच मोजून पुन्हा घासलं तर थंड झाल्यावर तो चढलेला निघतो. मुलगा नेमका इथे घाई करतो. भात्याचा दाब बदलला तरी आकडा हलतो, तेही तो धरत नाही. खर्जाची पांढरी चार नराशी जुळवण्यात मग बराच वेळ गेला. दोन्हीकडून खरवडलेली पत्ती कमजोर होते. पुढच्या खेपेला ती बदलावीच लागेल.

पण त्याला हे कळणार कसं? काका त्याच्याकडून भात्याचं चामडं चिकटवून घेतात, पॉलिश करून घेतात, आणि सुराला हात लावू देत नाहीत. मोडीत काढलेल्या पेट्यांचे सूर डबाभर पडले आहेत. ते त्याच्यापुढे ठेवून काकांनी शेजारी ऐकत बसावं, रोज तासभर. कान दुसऱ्या कशाने तयार होत नाही.

सा ठरलेला की फिरता, हे पावतीवर लिहून घ्यायला काका तयार झालेत. डब्याचा विषय काढला की गप्प बसतात. तोवर दुकान नावावर करून घ्यायला मुलगा राजी नाही, आणि मला त्याचं म्हणणं पटतं.