स्लीपरचे पाच पैसे

14 मार्च 2012, बुधवार. मी तेव्हा रेल्वेत आरक्षण खिडकीवर होतो, त्या दिवशी दुपारी दोन ते रात्री आठ ड्युटी. घरातून निघेपर्यंत टीव्हीवर रेल्वे बजेट चालू होतं, रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी भाडं वाढवलं, साध्या सेकंड क्लासला किलोमीटरमागे दोन पैसे, मेल-एक्स्प्रेसला तीन, स्लीपरला पाच, आणि फर्स्ट एसीला चक्क तीस पैसे. ऐकायला चिल्लर वाटते पण आम्हाला माहीत होतं आज खिडकीवर काय होणार ते.

आणि झालंच. चारच दिवसांपूर्वी ॲडव्हान्स बुकिंग नव्वदवरून 120 दिवसांचं झालं होतं, त्यामुळे लोक मेच्या सुट्टीबरोबर जूनचीही तिकिटं काढायला आलेले. "साहेब आता जुन्या भाड्यात काढलं तर गाडीत टीसी फरक मागेल का?" हा एकच प्रश्न मी किती वेळा ऐकला देव जाणे. लेखी काही आलेलं नव्हतं, मी तेच सांगत होतो आणि लोकांना वाटत होतं मी लपवतोय.

साडेचारच्या सुमारास एक बंगाली कारागीर आला, सोन्याच्या कामातला, हावड्याची चार स्लीपर हवी होती. त्याच्या मागच्या काकांनी त्याला चिडवलं, आता शंभर रुपये जास्त पडतील रे एका तिकिटाला (मुंबई-हावडा जवळपास दोन हजार किलोमीटर, हिशोब बरोबरच होता). तो शांतपणे म्हणाला, "नहीं बढ़ेगा. दीदी होने नहीं देगी." मी हसलो. म्हटलं बाबा रे मंत्री ममतादीदींच्याच तृणमूलचा, वाढवलंय त्यानेच, आता कोण थांबवणार.

रात्री घरी येऊन जेवायला बसलो तर बातमी, तृणमूलने स्वतःच्याच मंत्र्याला हटवा म्हणून पंतप्रधानांना कळवलं. भाजी गार झाली बघता बघता. रविवारी त्रिवेदींचा राजीनामा, मंगळवारी त्यांच्या जागी तृणमूलच्याच मुकुल रॉयांचा शपथविधी आणि 22 तारखेला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, साध्या सेकंड क्लासपासून थर्ड एसीपर्यंतची वाढ मागे!! 19 खासदारांच्या पक्षाने आठ दिवसांत बजेट फिरवलं.

तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर जोरात वाद झाला, प्रादेशिक पक्षांना केंद्रात घ्यावं की नाही. एक सिनियर म्हणायचे, पासवान, नितीश, ममता, लालू, परत ममता, रेल्वे म्हणजे राज्यातल्या पुढाऱ्यांना दिलेला आहेर झालाय, म्हणून वर्षानुवर्षं भाडं वाढत नाही आणि डबे गळतात. त्रिवेदी स्वतःच म्हणाले होते की रेल्वे आयसीयूत आहे. पण मला तो कारागीर आठवायचा. चार तिकिटांचे चारशे रुपये त्याच्यासाठी मोठेच की, आणि त्याची बाजू घेऊन भांडणारं कोणीतरी दिल्लीत होतं, नाहीतर त्याच्यासाठी कोण भांडतं? माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, सत्तेत जरूर घ्या, त्यांनाही लोकांनीच निवडून दिलंय, पण मग मंत्र्याला मंत्री राहू द्या. खुर्ची दिल्लीत आणि बटण कोलकात्यात, असं खातं चालत नाही. भाडं वाढवायचं नव्हतं तर बजेटच्या आधी घरात बसून ठरवायला हवं होतं, संसदेत वाचून झाल्यावर नाही. आणि यात सरकार चालवणारी काँग्रेसही सुटत नाही, खासदार हवे म्हणून अख्खं खातं देऊन टाकायचं आणि वर हात झटकायचे. (त्रिवेदी पुढे 2021 मध्ये भाजपात गेले, तो भाग वेगळा.)

सप्टेंबरमध्ये किराणातली परदेशी गुंतवणूक (एफडीआय) आणि डिझेलच्या दरवाढीवरून तृणमूल सरकारातून बाहेर पडली. रेल्वे काँग्रेसकडे आली, पवनकुमार बन्सल मंत्री झाले, आणि बजेटची वाटसुद्धा न बघता 21 जानेवारी 2013 पासून भाडं वाढलं. स्लीपरला किलोमीटरमागे सहा पैसे. खिडकीवर बसल्या बसल्या मी हावड्याची चार तिकिटं डोक्यात मोजली. मार्चमध्ये त्याचे चारशे वाचले होते, आता चारशे ऐंशी जास्त पडणार होते.