जागच्या जागी चालणारा वॉकर

मुलतानी मातीच्या पुडीवर बारीक अक्षरांत ‘फुलर्स अर्थ’ असं छापलेलं असतं. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही म्हणून गप्प बसले होते, तेव्हा ते पहिल्यांदा नीट वाचलं. हा फुलर कोण?

शोधलं तर निघाला वॉकरचा सख्खा भाऊ.

वॉकर म्हटलं की मला आजवर ‘जॉनी वॉकर’ व्हिस्कीच्या बाटलीवरचा तो साहेब आठवायचा. उंच टोपी, हातात काठी, लांब ढांगा. स्कॉटलंडच्या किल्मार्नॉकमधल्या एका वाण्याचं हे आडनाव. १९०८मध्ये चित्रकाराने त्याला चालायला लावलं आणि आपण सगळ्यांनी ते खरं मानलं.

मूळचा वॉकर चालायचा, पण पोचायचा कुठेच नाही. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरविरीत असतं. ते हौदात टाकायचं, पाण्यात हीच माती किंवा शिळं मूत घालायचं आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचं. मुतातल्या अमोनियाने तेल सुटतं, धागे एकमेकांत गुंततात, कापड आटून घट्ट होतं. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव आलं त्याचा अर्थ घोळणं, लोळवणं. ‘चालणं’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मराठीत हे आडनाव ‘तुडवे’ झालं असतं. आमच्या शेजारच्या तुडवेवहिनी!

हेच काम करणारा इंग्लंडच्या आग्नेयेला फुलर, उत्तरेला वॉकर आणि नैऋत्येला डेव्हनकडे टकर. टकरच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ तर छळणं. कापडाला विचारलं असतं तर त्यानेही हेच नाव सुचवलं असतं. डेव्हनमधल्या एक्सेटरला या मंडळींचा टकर्स हॉल अजून उभा आहे, १४७१ सालचा.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बाराव्या शतकात इंग्लंडात या कामासाठी पाणचक्क्या आल्या, त्यांवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटायला लागले आणि माणसांचे पाय हळूहळू हौदाबाहेर आले. साधारण तिथून पुढच्या दोनेकशे वर्षांत इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली. म्हणजे पाय सुटत होते तेव्हाच नाव चिकटत होतं. कित्येक वॉकरांनी हौदात पाऊलही टाकलं नसेल.

एव्हाना माझे गाल ओढायला लागले होते. माती चेहऱ्यावरही तेच करत होती, तेल शोषण्याचं काम. फक्त मी तिच्यात गुलाबपाणी कालवलं होतं.